जुने एलसीडी हातखेळ: पडद्यावरून काय गायब आहे ते वाचून दोष ओळखणे (ब्रिक गेम, गेम अँड वॉच)

पट्टीवाला (धागाकर्ता)

हातात मावणारे एलसीडी खेळ 'मेले' म्हणून भंगारात जातात, पण त्यातले बरेचसे मेलेले नसतात. चिप धड असते, काचही धड असते, फक्त दोघींमधला संपर्क तुटलेला असतो. तो नेमका कुठे तुटलाय हे खेळ उघडण्याआधीच पडदा सांगतो. पडदा वाचायचा कसा, यासाठी हा धागा.

डोळ्यासमोर दोन घराणी आहेत. एक निन्टेन्डोचं गेम अँड वॉच, १९८० च्या 'बॉल'पासून १९९१ च्या 'मारिओ द जगलर'पर्यंत. दुसरं म्हणजे आपल्याकडे नव्वदीत जत्रेत, रेल्वेत, खेळण्यांच्या दुकानात दिसायचा तो '९९९९ इन १' ब्रिक गेम. १० उभ्या, २० आडव्या रांगा आणि दोन पेन्सिल सेल.

या पडद्यावरचं प्रत्येक चित्र, मग तो टोपली धरलेला मिकी असो की ब्रिकचा एक चौकोन, काचेच्या आतल्या बाजूला कायमचं कोरलेलं असतं. चित्र हलत नाही. एक विझतं आणि शेजारचं उमटतं. २०० चौकोनांसाठी चिपपासून २०० वेगळ्या रेषा काढणं परवडत नाही, म्हणून प्रत्येक चित्राला दोन टोकं देतात. काचेच्या एका पत्र्यावर 'सेगमेंट' रेषा, समोरच्या पत्र्यावर 'कॉमन' रेषा. दोन्ही पोचल्या तरच चित्र उमटतं. सुरुवातीच्या गेम अँड वॉचमध्ये शार्पची एसएम५ए चिप आहे, तिला २ कॉमन. १९८२ च्या दोन पडद्यांच्या डाँकी काँगमध्ये एसएम५१०, तिला ४. म्हणजे एसएम५ए वर एका सेगमेंट रेषेला २ चित्रं लटकलेली असतात आणि एसएम५१० वर जास्तीत जास्त ४.

आता गायब चित्रं मोजा.

पडद्यावर सगळीकडे विखुरलेली निम्मी किंवा पाव चित्रं एकदम गेली असतील तर कॉमन रेषा तुटली. कॉमनची टोकं मोजकी असतात, त्यामुळे जागा लवकर सापडते.

एकमेकांशी काही संबंध नसलेली २ ते ४ चित्रं गेली (समजा डावीकडचं एक अंडं आणि गुणांमधल्या आकड्याची एक दांडी) तर एक सेगमेंट रेषा तुटली. दोष काच आणि बोर्ड जोडणाऱ्या रबरी पट्टीत, रिबनमध्ये किंवा बोर्डाच्या पॅडवर (जोडाच्या टोकावर).

नेमकं एकच चित्र गेलं आणि त्याच रेषेवरची बाकीची शाबूत आहेत, तर दोष काचेच्या आत आहे. रेषा काचेवर आल्यावर फांद्या फुटतात, त्यातली एक फांदी तुटलीय. पट्टी कितीही पुसा, उपयोग नाही.

दोन चित्रं नेहमी जोडीनं उमटत असतील तर काच बोर्डावर किंचित सरकून बसलीय किंवा शेजारच्या दोन पॅडमध्ये घाण आहे. सगळंच फिकट दिसत असेल तर आधी सेल बघा, मग पोलरायझर (काचेवर चिकटवलेली, प्रकाश गाळणारी फिल्म).

सगळी चित्रं एकदम बघायची तर गेम अँड वॉचला एसीएलचं (सगळं पुसून नव्यानं सुरू करायचं) बारीक छिद्र असतं. तिथलं बटण टाचणीच्या बोथट टोकानं दाबून धरा. ब्रिक गेम सुरू होतानाच सगळा पडदा भरतो. त्या क्षणाचा फोटो काढा आणि गायब चित्रांवर लाल खुणा करा. हा कागद हाताशी असल्याशिवाय स्क्रू सोडवू नका.

---

भोपळा

एक ब्रिक गेम समोर आहे. आवाज येतो, बटणं चालतात. सुरू करताना डावीकडच्या ३ उभ्या रांगांमधले बरेच चौकोन दिसत नाहीत, आणि 'स्कोअर'च्या एका आकड्याची खालची दांडी नाही. पडद्याच्या चौकटीवर अंगठा दाबला की एक रांग क्षणभर येते. पट्टी बदलावी का?

---

पट्टीवाला

@भोपळा, अंगठ्यानं रांग येते म्हणजे त्या रांगेपुरती तरी काच आणि चिप दोन्ही ठीक आहेत. आकड्याची दांडी त्या चौकोनांबरोबरच गेलीय, तेव्हा ती बहुतेक त्याच रेषांपैकी एकीवर असणार. वेगळा दोष समजू नका.

आधी उघडून बघा की जोड कोणता आहे. या खेळात दोन्ही प्रकार सापडतात. काच आणि बोर्ड यांच्यामध्ये गुलाबी, राखाडी किंवा काळ्या पट्ट्यांची रबराची कांडी दाबून बसवली असेल तर ती 'झेब्रा पट्टी'. काचेच्या कडेपासून बोर्डापर्यंत काळ्या बारीक रेघांची लवचिक फिल्म चिकटवलेली असेल तर ती 'हीट सील रिबन'. दोघींचे उपचार अगदी उलट आहेत.

झेब्रा असेल तर कांडी चिमट्यानं काढा. ९९ टक्के आयपीएमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोल) भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडानं ती पुसा, बोर्डाचे पॅड पुसा आणि काचेची उघडी कडही हलक्या हातानं पुसा. त्या कडेवर डोळ्यांना न दिसणारा आयटीओचा, म्हणजे वीज वाहणारा पारदर्शक थर असतो. खोडरबर, ब्लेड, सँडपेपर यातलं काहीही तिथे लावायचं नाही. खरवडला गेला तर ती रेषा कायमची गेली. पट्टी बसवताना तिचे थर पॅडशी जुळवत बसू नका. थर इतके बारीक असतात की एका पॅडखाली बरेच येतात. जुळवायची ती काच आणि बोर्ड. अर्धा पॅड जरी सरकला तरी चित्रं जोडीनं उमटू लागतात.

स्क्रू एकाआड एक, समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. कांडी तिच्या उंचीच्या दहाव्या हिश्शाएवढी दबली की पुरे. त्याहून जास्त आवळलं की काचेचा कोपरा तडकतो. जपानी खेळांचे स्क्रू जेआयएस (जपानी मानकाच्या) खाचेचे असतात. साधा फिलिप्स त्यांच्यात घसरतो आणि डोकं गोल करून ठेवतो.

---

डाकसोडा

रिबन असेल तर माझं ऐका, कारण बहुतेक लोक इथेच खेळ मारतात.

ही रिबन सोल्डर होत नाही. तिच्या रेघा कार्बनच्या शाईच्या असतात आणि डिंक उष्णतेनं मऊ होणारा असतो. दमट हवेत वर्षानुवर्षं राहिली की डिंक सुटतो आणि रेघ पॅडवरून उचलली जाते. डिंक पुन्हा मऊ करून दाबायचा, एवढंच काम.

सोल्डरिंग आयर्न तापमान ठरवता येणारंच हवं. १५० अंशांवर ठेवा. साध्या २५ वॅटच्या आयर्ननं करू नका, त्याचं टोक ३०० च्या वर जातं आणि शाई जळते. चपटं टोक लावा. रिबनवर कॅप्टन टेप (Kapton, उष्णता सोसणारी टेप) किंवा बेकिंगचा कागद ठेवा. टोक एका जागी ३ ते ४ सेकंद टेकवा, घासू नका. टोक उचललं की लगेच त्याच जागी खोडरबराचा तुकडा १० सेकंद दाबून धरा. डिंक दाबाखालीच थंड व्हायला हवा, नाहीतर रिबन परत उचलते. मग पुढची जागा. सुरुवात बोर्डाच्या बाजूनं करा. काचेच्या बाजूला हात लावायची वेळ आली तर १२० ते १३० अंशांवरून चढत जा. एकाच जागी उष्णता साचली तर काच तडकू शकते, आणि कडेचा पोलरायझरही भाजतो.

मधेच रेघ तुटली असेल, म्हणजे रिबनला घडी पडली असेल, तर गरम करून काही होत नाही. चांदीचा कंडक्टिव्ह पेंट एका केसाच्या कुंचल्यानं लावून एखादी रेघ जोडता येते. चार-पाच तुटल्या असतील तर दुसऱ्या मेलेल्या खेळाची रिबन बघा. पॅडमधलं अंतर तंतोतंत जुळायला हवं.

---

अर्धवट_सर्किट

आयर्न गरम करण्याआधी सेल मोजा. एलसीडीचा ठळकपणा सरळ व्होल्टेजवर असतो. ब्रिक गेमला दोन ताजे सेल मिळून ३ व्होल्टच्या आसपास हवेत. लोक रिचार्जेबल घालतात, ते १.२ अधिक १.२ म्हणजे २.४ व्होल्ट, आणि मग 'पडदा फिकट झाला' म्हणून उघडायला बसतात. उलट लिथियमचे पेन्सिल सेल भार नसताना १.८ च्या आसपास दाखवतात. दोन मिळून ३.६. तेव्हा न उमटायला हवेत असे चौकोनही भुतासारखे दिसायला लागतात. दोष नाही, व्होल्टेज जास्त आहे.

मोजताना खेळ चालू ठेवून मोजा. बाहेर काढून १.५ दाखवणारा म्हातारा सेल आवाज वाजताना कोसळतो.

आणखी एक. काचेच्या टोकांना मल्टिमीटर किंवा सेल थेट लावून 'चित्र उमटतं का' बघण्याची युक्ती सांगितली जाते. क्षणभर टेकवून बघण्यापुरती ती ठीक आहे, धरून ठेवू नका. एलसीडीला दिशा बदलणारा दाब लागतो. एकाच दिशेचा दाब राहिला तर आत विद्युतविच्छेदन होतं आणि चित्राची जागा कायमची डागाळते.

---

नदीकाठ

सेल पाझरले असतील तर सगळीकडे 'व्हिनेगर लावा' असं छापलेलं असतं. हे अर्धसत्य आहे. व्हिनेगर अल्कलाइन सेलसाठी. त्यातून पोटॅशियम हायड्रॉक्साइड गळतं, ते अल्कली आहे, आम्लानं शमतं. पण आपल्याकडे ब्रिक गेममध्ये बहुतेक साधे कार्बन-झिंक सेल घातलेले असायचे. त्यांच्यातला अमोनियम क्लोराइड किंवा झिंक क्लोराइडचा द्रव आम्लधर्मी असतो. त्यावर व्हिनेगर ओतलं तर गंजाला खतपाणीच. तिथे खाण्याचा सोडा पाण्यात कालवून लावा.

कोणता सेल होता हे माहीत नसेल तर आधी कोरड्या ब्रशनं पूड झाडा, थोडी ओल्या लिटमसवर टेकवून बघा, मग ठरवा. शेवटी दोन्ही बाबतींत साध्या पाण्याचं बोट, मग आयपीए, मग पंख्याखाली एक दिवस. पूड हातानं झाडू नका, डोळ्यात जाते.

---

डाकसोडा

@नदीकाठ बरोबर. यात एक भर, जी लोक विसरतात. गळती तारेच्या आवरणाच्या आतून, धाग्यांमधून वर चढते. सेलच्या कप्प्यातली स्प्रिंग चकचकीत केली तरी तार आतून काळी असते आणि तिच्यावर डाक (सोल्डर) बसत नाही, गोळा होऊन पळतो. ती तार घासत बसू नका. सेलच्या कप्प्यापासून बोर्डापर्यंत दोन्ही तारा नव्या घाला. १० सेंटिमीटर तारेचा प्रश्न आहे.

---

ध्रुवक

पोलरायझरवर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. पडद्याच्या मध्यावर तपकिरी ढग, बुडबुडे, भाजल्यासारखी छटा, आणि उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास: फिल्ममधला ट्रायअसिटेटचा थर कुजतोय. ऊन आणि दमटपणा दोन्ही कारणीभूत. काच मात्र बहुतेक ठीक असते.

खात्री करायची तर फिल्म काढल्यावर पोलराइज्ड गॉगल काचेवर धरून फिरवा. चित्रं दिसली की काच जिवंत. कडेनं शाईसारखा काळा डाग पसरलेला असेल तर काच फुटून द्रव सुटलाय, तिथे फिल्म बदलून काही उपयोग नाही. उन्हात गाडीत राहिल्यामुळे सगळा पडदा काळा झाला असेल तर घाबरू नका. ठरावीक तापमानाच्या वर द्रव आपली रचना सोडतो, थंड झाला की परत येतो. सावलीत ठेवा, फ्रीजमध्ये नको, आत दव धरतं.

पुढची आणि मागची फिल्म एकदम काढू नका. ही या पोस्टमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ. मागची जागेवर असली की पुढचीचा कोन तीच दाखवते. दोन्ही काढल्यात तर अंदाजपंचे.

नवी फिल्म चालू पडद्यावर धरून फिरवा. एका स्थितीत उजळ जमिनीवर काळी चित्रं दिसतील, तो कोन तुमचा. तिथून ९० अंश फिरवलं की काळ्या जमिनीवर उजळ चित्रं. (काहींना तेच आवडतं. पण मागे छापील रंगीत चित्र असेल तर ते अंधारात जातं.) योग्य कोनावर फिल्मवर मार्करनं आडवी रेघ मारा, मग त्या रेघेला समांतर कापा. बहुतेक काचांना अक्ष ४५ अंशांवर लागतो. त्यामुळे अक्ष कडेला समांतर असलेल्या शीटमधून तिरका तुकडा निघतो आणि शीट वाया जाते. ४५ अंशांचीच शीट मागितलीत तर वाचेल.

जुनी काढताना कोपरा नखानं किंवा प्लॅस्टिकच्या कार्डानं उचला आणि फिल्म काचेला जवळजवळ समांतर ठेवून हळू ओढा. सरळ वर ओढलीत तर काच वाकते. राहिलेल्या डिंकावर आयपीएनं भिजवलेला टिश्यू १५ मिनिटं ठेवा, मग कार्डानं खरवडा. अॅसिटोन वापरू नका असं मी म्हणेन. काच टिकते, पण कडेचं सील आणि द्रव भरण्याच्या तोंडाचा डिंक त्याला बळी पडतो. प्लॅस्टिकच्या चौकटीवर थेंब पडला तर ती पांढरी होते.

नवा तुकडा जुन्यापेक्षा चारी बाजूंनी अर्धा मिलिमीटर लहान. झेब्रा पट्टी जिथे टेकते त्या कडेवर फिल्म अजिबात जाऊ देऊ नका. डिंकाची फिल्म एका कडेकडून बसवत जा. बिनडिंकाची नुसती चौकटीनं दाबूनही राहते, थोडी मंद दिसते इतकंच. दोन्ही बाजूंचा संरक्षक पापुद्रा काढायला विसरू नका. हसू नका, होतं.

मागची फिल्म बदलायची वेळ आली तर ती परावर्तक आहे हे लक्षात ठेवा. साधी पारदर्शक लावलीत तर मागे चंदेरी मॅट कागद हवा. चकचकीत अॅल्युमिनियम फॉइल लावलीत तर त्यात स्वतःचा चेहरा दिसेल, खेळ नाही.

---

भोपळा

@ध्रुवक, फिल्म बसवल्यावर पडद्यावर तेलासारखी सप्तरंगी वर्तुळं आली तर?

---

ध्रुवक

न्यूटनची वलयं. पुढचं पारदर्शक प्लॅस्टिक नव्या फिल्मला टेकतंय. चौकटीच्या कडेनं ०.१ मिमी जाडीच्या टेपची एक फेरी मारा म्हणजे मधे हवा राहील. मध्यभागी टेप लावू नका, दिसते.

---

तपकीर_गल्ली

सामान कुठे, याचं उत्तर. पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. कॅप्टन टेप, आयपीए, बारीक तार, कंडक्टिव्ह पेंट तिथे मिळतं. पोलरायझरची शीट विचारताना 'मोबाइलची पोलरायझर फिल्म' म्हणा, लगेच कळतं. पण जाडी आणि कोन विचारून घ्या. साधारण ०.२ मिमी चालते. झेब्रा पट्टी नवी शोधण्यापेक्षा जुन्या कॅल्क्युलेटरमधून काढणं स्वस्त. उंची मात्र कॅलिपरनं मोजा. ०.३ मिमी कमी पडली तरी टेकत नाही.

गेम अँड वॉचच्या सेलबद्दल: एलआर४३ आणि एलआर४४ यांचा व्यास एकच, ११.६ मिमी. जाडी ४.२ आणि ५.४. दुकानदार 'एकच आहे हो' म्हणून ४४ देतो. ४३ च्या कप्प्यात तो कोंबला की पत्रा वाकतो, आणि नंतर योग्य सेल घातला तरी टेकत नाही. झाकणावर किंवा कप्प्यात छापलेलं वाचा. पुड्यावर एजी१२ म्हणजे ४३, एजी१३ म्हणजे ४४. चांदीचे (एसआर) मिळाले तर तेच घ्या. १.५५ व्होल्टवर शेवटपर्यंत टिकतात आणि मग एकदम संपतात. अल्कलाइन हळूहळू उतरतो, तसा पडदाही फिका होत जातो. १९८६ चे पारदर्शक पडद्याचे क्रिस्टल स्क्रीन वेगळे, त्यांना सीआर२०२५ लागतो.

---

मधलीसुट्टी

जरा अवांतर. सोव्हिएत 'एलेक्ट्रॉनिका आयएम-०२' (लांडगा अंडी झेलतो तो) यालाही हेच लागू का? आणि १००० गुण केले की त्यात कार्टून दिसायचं म्हणतात, खरं का?

---

पट्टीवाला

कार्टून वगैरे काही नाही. पडद्यावर जे कोरलेलं नाही ते उमटणार कुठून? एवढ्या एका गोष्टीवरूनच ती अफवा खोटी ठरते. गुण ९९९ पर्यंत जातात आणि पुन्हा ० पासून सुरू होतात.

बाकी हो, सगळं लागू. ती निन्टेन्डोच्या 'एग'ची नक्कल आहे. आतली केबी१०१३व्हीके१-२ चिप ही एसएम५ए चीच प्रतिकृती. म्हणजे २ कॉमन, आणि एक रेषा गेली की चित्रं दोन-दोननं गायब.

---

बिंबप्रतिबिंब

पट्टीवाल्यांच्या पद्धतीला एक शॉर्टकट आहे, कोणी सांगितला नाही. कोणतं चित्र कोणत्या रेषेवर, याचा नकाशा आयता मिळतो.

मेम या एम्युलेटरमध्ये (जुनी यंत्रं संगणकावर चालवणारा प्रोग्रॅम) गेम अँड वॉच चालवण्यासाठी लोकांनी काचा स्कॅन करून प्रत्येक चित्र एसव्हीजीमध्ये (रेषाचित्रांची फाइल) वेगळं आखलंय. एम्युलेटरमधली चिप 'अमुक रेषा, अमुक कॉमन' एवढंच सांगते, तेव्हा चित्राला तेच नाव द्यावं लागतं. ती एसव्हीजी इंकस्केप या चित्रकलेच्या प्रोग्रॅममध्ये उघडा, चित्रावर क्लिक करा, ऑब्जेक्टचं शीर्षक बघा. एसएम५१० च्या खेळात टिंबांनी जोडलेले तीन आकडे दिसतात. पहिले दोन मिळून सेगमेंट रेषा, शेवटचा कॉमन (० ते ३).

आता लाल खुणांचा फोटो शेजारी ठेवा. गायब चित्रांचे पहिले दोन आकडे सारखे असतील तर सेगमेंट रेषा. शेवटचा सारखा आणि बाकीचे वेगवेगळे असतील तर कॉमन. आणि एकच चित्र गायब आहे असं वाटत असेल तर त्याचे पहिले दोन आकडे असलेली भावंडं शोधा. बऱ्याचदा ती 'गेम बी' किंवा अलार्मच्या घंटेसारखी क्वचित उमटणारी चित्रं असतात, म्हणून तीही गेलीत हे लक्षातच आलेलं नसतं. 'काचेतला दोष' असा निकाल देण्याआधी हे बघाच.

या चिपमध्ये सगळा खेळ किती जागेत बसवलाय तेही बघा. एसएम५ए ची रॉम (प्रोग्रॅम साठवायची जागा) १८२७ बाइट, एसएम५१० ची २७७२. हा प्रतिसाद त्यात मावणार नाही.

---

अर्धवट_सर्किट

ब्रिक गेमला हा नकाशा नेहमी मिळत नाही, शंभर कारखान्यांची शंभर मॉडेलं. पण नियम तोच. गायब चौकोन कोणत्या गटात आहेत ते कागदावर मांडा.

ब्रिक गेमचं अजून एक वेगळेपण. गेम अँड वॉच घड्याळही असल्यामुळे त्यात ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्वार्ट्झ असतो, वेग पक्का. बहुतेक ब्रिक गेममध्ये क्वार्ट्झ नसतो, एका रेझिस्टरवर चिपची चाल ठरते. म्हणून सेल उतरला की चाल आणि आवाजाचा सूर बदलतो. वेग विचित्र वाटला तर चिप झाकणाऱ्या काळ्या गोळ्याजवळचा तो एकटा रेझिस्टर बघा, त्याचा डाक सुटलेला असू शकतो. काळ्या गोळ्याखालची चिप स्वतः गेली असेल तर विषय संपला, ती बदलता येत नाही.

---

डाकसोडा

बटणं आणि आवाज थोडक्यात, म्हणजे वेगळा धागा नको.

बटणाच्या रबराखालची काळी टिकली मल्टिमीटरनं मोजा. काहीशे ओहम असेल तर चांगली, अनेक किलोओहम झाली की बटण जोरात दाबावं लागतं. कोरड्या कापडानं पुसा, मग आयपीए, तेही एकदाच. बोर्डावरचा काळा कार्बनचा पॅड घासू नका. टिकलीवर अॅल्युमिनियम फॉइल चिकटवण्याचा सल्ला मिळेल. चालतं, पण फॉइलची कड कार्बनचा पॅड खाते. कार्बनचा पेंट बरा.

आवाज गेला असेल तर पितळी चकतीवरची तार बघा. मधल्या पांढऱ्या भागावर चांदीचा पातळ मुलामा असतो. आयर्न २ सेकंदांपेक्षा जास्त टेकवलं तर मुलामा डाकात विरघळतो आणि मग तिथे काहीच धरत नाही. आधी तारेला डाक लावून घ्या, मग टेकवा आणि उचला. चकती खोक्यापासून सुटली असेल तर फक्त कडेनं चिकटवा. पाठीवर सगळीकडे डिंक फासलात तर ती थरथरणार कशी?

---

नदीकाठ

बटणानं बंद होणारे ब्रिक गेम खरं तर झोपलेले असतात, सेल थोडा थोडा खर्च होतच राहतो. काम झालं की सेल काढून ठेवा. सर्वोच्च गुण जातील, पण बोर्ड राहील.

---

भोपळा

उघडला. रिबन निघाली, झेब्रा नाही. बोर्डाच्या बाजूचं डावं टोक उचललेलं होतं. १५० अंश, कॅप्टन टेप, ४ सेकंद, मग खोडरबर. दोन रांगा पूर्ण आल्या आणि स्कोअरची दांडीही. तिसऱ्या रांगेसाठी काचेच्या बाजूला १३० वर एकदा दाबलं, तीही आली. पण त्या रांगेतला वरून सातवा चौकोन अजून नाही. तो एकटाच. अंगठ्यानं दाबूनही येत नाही. पुन्हा गरम करू?

---

पट्टीवाला

नाही. रांगेतले त्याच्या रेषेवरचे बाकीचे चौकोन आले, म्हणजे सेगमेंट काचेपर्यंत पोचतोय. त्याच्या कॉमनवरचे इतर चौकोनही दिसताहेत. उरला तो काचेतला. भिंगातून तिरप्या उजेडात कडेकडून आत बघा, आयटीओवर केसाएवढी तिरकी रेघ दिसेल. रिबनला आता हात लावलात तर आलेल्या तीन रांगाही जातील. टेप काढा, स्क्रू समोरासमोर आवळा, बंद करा.

---

भोपळा

दिसली रेघ. बंद केला.